क्लचमास्तरांचे कोंब

मास्तरांचं खरं नाव त्यांच्या लायसन्सवर छापलेलं होतं आणि लायसन्स सोडून दुसऱ्या कुणाला ते फारसं ठाऊक नव्हतं. सगळी वस्ती त्यांना क्लचमास्तर म्हणायची. उभा जन्म त्यांनी मोटार शिकवण्यात घालवला. म्हणजे गाडी दुसऱ्याने चालवायची आणि यांनी शेजारी बसून त्याच्या कानात, "क्लच! क्लच दाब! अरे, क्लच डावीकडे असतो, देवा!" असं ओरडायचं. शिकाऊ गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखाली एक जादा ब्रेक असतो. मास्तरांच्या पायाला त्या ब्रेकची अशी काही सवय जडली होती, की घरी जेवताना कुणी मीठ जास्त घेतलं तरी टेबलाखाली त्यांचा पाय आपोआप दाबला जायचा.

"माझ्या हाताखाली आजवर एकही अपघात नाही," असं ते छाती पुढे काढून सांगत. ते खरंही होतं. अपघात व्हायला गाडीला जेवढा वेग लागतो, तेवढा वेग मास्तरांनी तिला कधी घेऊच दिला नव्हता. खुद्द त्यांची मुलगी मोटार शिकली ती बाजारापलीकडच्या दुसऱ्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये, कारण वडिलांबरोबरच्या पहिल्या धड्याला तासाभरात गाडी स्वतःच्या फाटकाबाहेर पडली नव्हती. लायसन्स हातात आल्यावर तिने ते वडिलांच्या पुढ्यात ठेवलं. मास्तरांनी चष्मा लावला, उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "फोटोत मान वाकडी आलीय." पुढे ती नोकरीच्या निमित्ताने दुसऱ्या शहरात गेली आणि तिथे मान सरळ ठेवून सुखाने गाडी चालवू लागली.

मग गुडघे कुरकुरायला लागले, डोळ्यांचा नंबर वाढला, आणि मास्तरांनी स्कूल विकून टाकलं. घरी बसले. घरात शिकाऊ माणूस एकच उरला होता, तो म्हणजे मास्तरीणबाई. त्या कांदा चिरायला बसल्या की मास्तर दारात उभे राहून म्हणायचे, "सुरी अशी नाही धरत." दार लावलं की, "हळू." नळ सोडला की, "बंद करायचं लक्षात ठेव." मास्तरीणबाईंनी लग्नानंतरच्या पहिल्या दोन-चार वर्षांतच एक विद्या कमावली होती. ऐकल्यासारखं करायचं, मान डोलवायची, आणि आपल्याला हवं तेच करायचं. त्या विद्येच्या जोरावर त्यांचा संसार बरा चालला होता. घरामागच्या जमिनीच्या तुकड्यात त्यांनी मिरच्या, पुदिना, टोमॅटो आणि कोपऱ्यात दोन गुलाब लावले होते. मास्तर तिकडे फिरकत नसत. मातीत चप्पल रुतते, अशी त्यांची तक्रार होती.

हे असंच चालायचं, पण मध्ये साडूभाऊ आले.

साडू हे नातं मोठं विचित्र. भावाशी पटलं नाही तर भांडता येतं, मित्राशी पटलं नाही तर त्याला सोडता येतं. साडूचं तसं नाही. एकाच सासऱ्याने दोघांना पसंत केलेलं असतं, आणि दोघांनाही जन्मभर वाटत राहतं, की यातल्या एका वेळी सासऱ्याची नजर चुकली. मास्तरांचे साडू विमा कंपनीतून मोठ्या खुर्चीवरून निवृत्त झालेले. आवाज हलका, शर्टाची घडी कडक, आणि कुठल्याही गोष्टीची त्यांच्याकडे थोडी जास्त चांगली आवृत्ती असायचीच. मास्तरांनी पंखा घेतला, की यांच्याकडे कूलर. मास्तरांचा गुडघा दुखला, की यांचे दोन्ही.

साडूभाऊ मुलाकडे परदेशी दोन महिने राहून आले आणि आल्या आल्या त्यांनी मास्तरांना जेवायला बोलावलं. फोटो दाखवून झाले, थंडीचं वर्णन झालं, आणि मग त्यांनी हलक्या आवाजात विषय काढला.

"तिकडे आम्ही ॲस्परॅगस खाल्ला. ताजा. लोण्यावर नुसता परतलेला. इतका कोवळा, इतका कोवळा, की दाताला काही कामच नाही." साडूभाऊंनी डोळे मिटले. "आपल्याकडे काय, डब्यातला मिळतो. गिळगिळीत. ज्याने ताजा खाल्ला नाही त्याला कळायचं नाही."

मास्तरांनी ॲस्परॅगस ताजा तर सोडाच, शिळाही खाल्ला नव्हता. एका हॉटेलच्या मेनूकार्डावर शब्द वाचला होता, आणि तो एखाद्या आजाराचं नाव असेल असं वाटून त्यांनी सूप मागवलं होतं. पण 'ज्याने ताजा खाल्ला नाही' हे म्हणताना साडूभाऊंनी एक डोळा उघडून आपल्याकडेच पाहिलं, अशी त्यांची खात्री झाली.

"ॲस्परॅगस होय?" मास्तर म्हणाले. "तो तर आम्ही घरीच लावतोय."

मास्तरीणबाईंचा चमचा हवेतच थांबला.

घरी परतताना वाटेत त्यांनी विचारलं, "कुठे लावताय?"

"मागे."

"मागे माझ्या मिरच्या आहेत."

"मिरच्या बाजारात मिळतात," मास्तर म्हणाले आणि पुढे चालू लागले.

दुसऱ्या दिवशी दोघं रोपवाटिकेत गेले. तिथली बाई हातमोजे काढत बाहेर आली. ॲस्परॅगस म्हटल्यावर तिने आधी मास्तरांकडे, मग त्यांच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं.

"याला धीर लागतो हं काका. मुळं लावल्यावर पहिल्या वर्षी एकही कोंब कापायचा नाही. दुसऱ्या वर्षीही नाही. सगळे वाढू द्यायचे, त्यांना बडीशेपेसारखा झुपकेदार पाला फुटतो, त्या पाल्यावर खालची मुळं पोसतात. तिसऱ्या वर्षी खायचे. एकदा जम बसला की मग पंधरावीस वर्षं बघायला नको."

"तीन वर्षं?" मास्तर म्हणाले. "मी माणसाला एका महिन्यात रस्त्यावर आणतो."

"रस्त्यावर आणायला एवढाच वेळ लागतो," मास्तरीणबाई हळूच म्हणाल्या. रोपवाटिकेवालीने तोंड फिरवून खोकल्यासारखं केलं.

मुळं घरी आली. उताणा पडलेला, पाय फाकलेला मोठा कोळी दिसावा, तसा एकेक गड्डा. मिरच्या, पुदिना आणि टोमॅटो उपटले गेले. गुलाब तेवढे वाचले, कारण मास्तरांना काटा लागला. एक मजूर बोलावून हातभर खोल लांबलचक चर खणून घेतला. मास्तर चराच्या काठाने चालत, "डावीकडे घे, डावीकडे! आता सरळ! सरळ!" असं मार्गदर्शन करत होते. त्यामुळे चर मध्यावर चांगलाच वाकडा झाला. चरात मातीचा उंचवटा करून त्यावर गड्डे बसवायचे, मुळं चहूकडे पसरायची आणि वरून खत-माती हळूहळू भरायची, हे काम मास्तरीणबाईंनी गुडघ्यावर बसून केलं. मास्तरांनी शेवटी त्या वाफ्यावर आपल्या जुन्या गाडीची लाल 'एल'ची पाटी खोचली. "शिकाऊ आहेत अजून," ते म्हणाले आणि स्वतःच हसले.

पाणी घालायचं काम अर्थातच मास्तरीणबाईंकडे आलं. तपासणीचं काम मास्तरांनी आपल्याकडे ठेवलं. लावून आठवडा झाला नाही तोच, मूळ धरलंय की नाही हे पाहायला त्यांनी एक गड्डा उकरून काढला. पाहिला, परत पुरला. चार दिवसांनी पुन्हा उकरला. तो गड्डा मेला. मग शेजारचा तपासला. तोही मेला. तिसऱ्या वेळी त्यांना खुरपं सापडलं नाही. मास्तरीणबाईंनी ते पिठाच्या डब्याच्या मागे ठेवलं होतं आणि तीन वर्षं ते तिथून हललं नाही.

मास्तरांच्या हाताला काम उरलं नाही, तेव्हा तोंडाचं वाढलं. रोज सकाळी ते चौकापलीकडच्या बागेत फिरायला जात. फिरायला म्हणजे बाकावर बसायला. तिथल्या मंडळींना त्यांनी ॲस्परॅगसचे धडे सुरू केले.

"म्हणजे शतावरीच ना?" एक म्हातारबा म्हणाले. "पित्ताला चांगली."

"शतावरी नव्हे!" मास्तर कडाडले. "चुलत बहीण तिची. ती औषधाची, ही खाण्याची."

"मग ही पित्ताला चालत नाही?"

"ही पित्त व्हायला लावते," असं दुसरा एकजण म्हणाला, पण त्याचा रोख भाजीवर नसावा.

दुसऱ्या वर्षी वाफा कमरेएवढा वाढला. झुळूक आली की हिरवं धुकं हलल्यासारखं वाटायचं. काही झाडांना मण्यांसारखी लालचुटूक फळं धरली. मास्तर ती हातात घेऊन बागेत दाखवून आले. मग कुठूनतरी त्यांना कळलं, की फळं धरणारी झाडं मादी असतात, त्यांची ताकद बी धरण्यात जाते आणि नर झाडं कोंब जास्त देतात. घरी येऊन त्यांनी जाहीर केलं, "माद्या उपटून टाकायच्या. फुकट खातात."

मास्तरीणबाई नळीने पाणी घालत होत्या. त्यांनी नळी तशीच धरून नवऱ्याकडे पाहिलं. "उपटा ना. मग राहिलेल्या नरांना पाणीही तुम्हीच घाला."

माद्या राहिल्या.

घराच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत एक घड्याळजी भाड्याने राहत होता. एकटा, चाळिशीचा, बोलायला अगदी थोडका. दिवसभर आपल्या चिमुकल्या दुकानात डोळ्याला भिंग लावून बसायचा, संध्याकाळी येऊन गॅलरीत उभा राहायचा. गॅलरी बरोबर वाफ्याच्या वर. एवढी वर्षं तो तिथे राहिला, पण त्याच्या पावलांचा आवाज खाली कधी आला नाही. मास्तरीणबाईंची भिंतीवरची, हातातली, मुलीच्या लहानपणीची, सगळी घड्याळं तो न सांगता दुरुस्त करून द्यायचा. मास्तर त्याला फार ढिला माणूस समजत. कारण एकच. ते बोलायला लागले की तो "हं" म्हणायचा आणि त्यापुढे काहीच म्हणायचा नाही. अशा माणसाला ब्रेक तरी कुठे लावणार?

तिसरं वर्ष उजाडलं. थंडी ओसरली, उन्हाला धार आली आणि एका सकाळी मातीतून करंगळीएवढी जांभळट टोकं वर आली. दुसऱ्या दिवशी ती वीतभर झाली. कोंब असे तुकतुकीत, ताठ, की मास्तरांना एखाद्या पलटणीची सलामी घेतल्यासारखं वाटलं.

"कापू?" मास्तरीणबाईंनी विचारलं. त्यांच्या हातात सुरी होतीच.

"हात लावायचा नाही!" मास्तरांचा पाय जमिनीवर दाबला गेला. "साडूसाहेबांना बोलवायचं. त्यांच्या डोळ्यांदेखत कापायचे. मग लोण्यावर परतायचे. दाताला काम नाही म्हणतात ना? बघू."

"अहो, पण हे थांबत नाहीत. ती बाई म्हणाली होती, वीतभर झाले की कापायचे. नाहीतर टोकं फुटतात, देठ लाकूड होतो."

"अजून सगळे सारख्या उंचीचे नाहीत. ताटात कसं दिसेल?"

मास्तरांनी साडूंना फोन केला. साडूभाऊंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. डोळ्यावर पट्टी होती आणि डॉक्टरांनी काही आठवडे बाहेर पडायला मनाई केली होती. "दोन्ही डोळ्यांचं करायचंय," ते हलक्या आवाजात म्हणाले. मास्तरांना एकाच डोळ्यात मोतीबिंदू होता.

"हरकत नाही," मास्तर म्हणाले. "तुमच्या डोळ्यांसाठी थांबू. बघायलाच तर बोलावतोय."

ते थांबले. कोंब थांबले नाहीत. रोज नवे वर येत, रोज जुने आणखी वाढत. आणि रोज सकाळी मास्तर बागेतून परत आले की त्यांना वाटायचं, वाफ्यात काहीतरी कमी आहे. एके दिवशी ओणवं होऊन पाहिलं, तर मातीलगत स्वच्छ कापलेले ओले बुंधे. एक नाही, चांगले ओंजळभर कोंब गेले होते. आणि चोर दर्दी असावा, कारण त्याने फक्त वीतभराचे कोवळे कोंब नेले होते. वाढलेल्यांना हातही लावला नव्हता.

मास्तर आत आले ते लालबुंद होऊन. "चोरी झाली!"

"कसली?" मास्तरीणबाई.

"कोंब! कुणीतरी रोज कापून नेतंय!"

"मी कापते," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"काय?"

"मी कापते. ताई येते ना सकाळी, तुम्ही बागेत गेल्यावर. भाऊजी दिवसभर डोळ्याला पट्टी लावून कुरकुरत बसतात, तेवढाच तिला विरंगुळा. आम्ही दोघी चार कोंब वाफवतो, मीठ-लिंबू लावून खातो. थोडे ती घरी नेते. फार छान लागतात हो. तुम्हालाही देणार होते, पण तुम्ही म्हणालात हात लावायचा नाही."

याहून सरळ कबुली कुठल्याही चोराने दिली नसेल. मास्तरांनी ती एका हाताने झटकून टाकली.

"गप्प बस. कुणालाही पाठीशी घालायची तुझी सवयच आहे. तेव्हा दूधवाल्याने कमी दूध घातलं, तर म्हणालीस माझ्याच हातून सांडलं."

"ते माझ्याच हातून सांडलं होतं."

"बघ! अजूनही तेच!"

मास्तरीणबाईंनी मान डोलवली आणि भांडी घासायला घेतली. आपली बायको आपलं न ऐकता काही करते, हे मास्तरांच्या डोक्यात शिरण्याजोगी फटच नव्हती. इतकी वर्षं तिने मान डोलावलेली त्यांनी स्वतः पाहिली होती.

त्यांनी पहारा बसवला. जुन्या गाडीचा आरसा माळ्यावर होता, तो खिडकीच्या गजाला असा बांधला, की आतल्या खुर्चीत बसून पाठीमागचा वाफा दिसावा. दुपारपासून दिवेलागणीपर्यंत ते त्या आरशात बघत बसले. आरशात वाफा दिसला, वाळत घातलेली चादर दिसली, आणि वर गॅलरीत वाकून खाली बघणारा घड्याळजी दिसला.

झालं. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला मास्तरांना एवढा पुरावा पुष्कळ होता. सकाळचं जाऊन बागेत बसणं मात्र त्यांनी सोडलं नाही. तिथे चोरीची हकीकत ऐकायला रोज माणसं वाढत होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घड्याळजी कामावरून आला, तसे मास्तर जिन्यात आडवे आले.

"काय हो, काय खाता तुम्ही हल्ली?"

"खाणावळीतलं," घड्याळजी म्हणाला.

"आणि त्याच्याबरोबर? तोंडी लावायला?"

घड्याळजीला काही उमगेना. त्याने मास्तरीणबाईंकडे पाहिलं. त्या पदराला हात पुसत बाहेर आल्या होत्या.

"वरून काय टेहळणी करता ते मी पाहिलंय," मास्तरांचा आवाज चढला. "तीन वर्षं आम्ही पोटच्या पोरासारखं वाढवलं, आणि तुम्ही सुरी घेऊन..."

"अहो, मी सांगितलं ना तुम्हाला—" मास्तरीणबाई मध्ये पडल्या.

"तू थांब! क्लच सोडू नकोस!" मास्तर ओरडले. रागाच्या भरात त्यांच्या तोंडून कधीकधी असं निघायचं.

"मास्तर," घड्याळजी म्हणाला, "मी दिवसभर भिंगातून बघतो. संध्याकाळी डोळ्यांना बरं वाटावं म्हणून हिरव्याकडे बघतो. एवढंच." मग तो बाजूने निघून वर गेला. त्या महिन्याच्या शेवटी त्याने आपली ट्रंक, गादी आणि हत्यारांची पेटी हातगाडीवर घातली. जायच्या आधी स्वयंपाकघरातल्या घड्याळाला किल्ली दिली, मास्तरीणबाईंना नमस्कार केला आणि गेला. त्या दिवशी मास्तरीणबाई मास्तरांशी काहीच बोलल्या नाहीत. मास्तरांच्या ते रात्री झोपतानाही लक्षात आलं नाही, कारण बोलायचं काम तेच करत होते.

"बघितलंस?" ते म्हणाले. "खरा असता तर भांडला असता."

साडूभाऊंचे दोन्ही डोळे अखेर उघडले आणि मेजवानीचा दिवस ठरला. तोपर्यंत वाफ्यात काय उरलं होतं? गुडघ्याच्या वर गेलेले दांडे, टोकांना पाला फुटू लागलेला, बुंधे कुऱ्हाडीच्या दांड्यासारखे. ताटात खाण्याजोगं काहीतरी असावं, म्हणून मास्तरीणबाईंनी त्या सकाळीही विचारलं, "बाजूला आज आलेले चारपाच कोवळे आहेत. ते घेऊ?"

"बारके आहेत ते. पाहुण्यांसमोर बारकं ठेवायचं?"

पाहुणे आले. मास्तरांनी त्यांना खुर्च्यांसकट मागच्या दारी बसवलं, छोटंसं भाषण केलं, आणि सुरी घेऊन वाफ्यात उतरले. सुरी चालेना. मग करवतीच्या सुरीने प्रयत्न झाला. शेवटी त्यांनी एकेक दांडा पायाखाली दाबून मोडला. काड असा आवाज आला. साडूभाऊंनी नव्या डोळ्यांनी सगळं पाहिलं आणि सभ्यपणे टाळ्या वाजवल्या. शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोने पदर तोंडाला लावला.

"हे शिजायचे नाहीत," मास्तरीणबाई स्वयंपाकघरात म्हणाल्या.

"लोणी वाढव," मास्तर दारातून म्हणाले.

लोण्याची अख्खी वडी खर्ची पडली. ताटात दांडे आले. वरून चकचकीत, आतून तसेच. चौघं जेवायला बसली. बराच वेळ टेबलावर फक्त चावण्याचा आवाज होता, गोठ्यात असतो तसा. साडूभाऊंनी एक घास या गालातून त्या गालात नेला, तिथून परत आणला. त्यांच्या वरच्या कवळीची जागा हलली. ती त्यांनी जिभेने सावरली आणि घासाचा चोथा काढून ताटाच्या कडेला रुमालाखाली ठेवला. मास्तरही चावत होते. त्यांना वाटलं, सुतळी चावतोय. पण सुतळीला किंमत असेल तर ती अशीच लागत असणार, असं समजून त्यांनी गिळली.

"काय मग?" ते म्हणाले. "ताजा आहे. झाडावरून ताटात."

"छान आहे," साडूभाऊ म्हणाले. सभ्य माणूस, पण आयुष्यभर विम्याचे दावे तपासलेला. खोटं त्यांना फार वेळ धरवत नसे. "छानच आहे. पण खरं सांगू का? पट्टी होती तेव्हा तुम्ही रोज पाठवत होतात ना, ते मात्र अप्रतिम होते. डोळे बंद, आणि तोंडात तो कोंब... मी हिला म्हटलंसुद्धा, परदेशातला याच्यापुढे काहीच नाही. मास्तरांनी कमाल केली. आज काय, थोडे जून निघाले का?"

मास्तरांच्या घशात सुतळी अडकली.

"मी पाठवत होतो?"

"म्हणजे काय! ही रोज आणायची ना तुमच्याकडून."

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. ती पाणी ओतत होती. त्यांनी मेव्हणीकडे पाहिलं. मेव्हणीला आता पदर पुरेना. ती हसता हसता टेबलावर आडवी झाली.

"मी तुम्हाला सांगितलं होतं," मास्तरीणबाई शांतपणे म्हणाल्या. "स्पष्ट सांगितलं होतं. दोनदा."

"पण... तो घड्याळजी..."

"त्याने तर भाजीकडे नुसतं पाहिलं होतं. तुमच्यापेक्षा प्रेमाने पाहिलं असेल." त्यांनी पेला नवऱ्यापुढे ठेवला. "प्या. घास उतरेल."

साडूभाऊंना सगळा प्रकार कळायला थोडा वेळ लागला. निघताना त्यांनी मास्तरांचा हात हातात घेतला. "उगवलं तर तुमच्याकडेच ना," ते समजुतीने म्हणाले. "खाल्लं कुणी, ते काय एवढं!"

दुसऱ्या दिवशी मास्तर बागेत गेले नाहीत. मास्तरीणबाई आंघोळीला गेल्या आहेत हे पाहून ते वाफ्यात उतरले. आदल्या दिवशीचे ते 'बारके' कोंब आता वीतभर झाले होते. त्यांनी एक मोडला. तो कट्‌कन, काहीही न कुरकुरता मोडला. त्यांनी तो तसाच, न धुता तोंडात घातला. कोवळ्या मटारासारखं काहीतरी गोडसर, पाणीदार त्यांच्या तोंडात फुटलं. तीन वर्षं ज्याच्यावर व्याख्यानं दिली, त्याची चव मास्तरांना त्या क्षणी प्रथम कळली. चव चांगली होती. त्याचाच त्यांना जास्त राग आला. वाईट असती तर निदान म्हणता आलं असतं, की बायका काहीही खातात.

मग ते घड्याळजीच्या दुकानात गेले. आपण होऊन गेले, की मास्तरीणबाईंनी "जाऊन या" म्हटलं म्हणून, याबद्दल दोन मतं आहेत. घड्याळजी डोळ्याला भिंग लावून एका जुन्या घड्याळाच्या पोटात वाकला होता.

"तुमचा काही दोष नव्हता, असं आता दिसतंय," मास्तर म्हणाले.

"हं," घड्याळजी म्हणाला.

"पण तुम्हीही जरा ठासून सांगायला हवं होतं. माणूस गप्प राहिला की संशय येतो. मी चुकलो, पण तुमच्या गप्प बसण्याने चुकलो."

घड्याळजीने भिंग काढलं. "मास्तर, मी पालेभाजी खातच नाही. लहानपणापासून."

"ही पालेभाजी नव्हे. कोंब आहेत हे," मास्तरांनी लगेच दुरुस्ती केली. मग जरा नरमले. "खोली रिकामीच आहे वरची. यायचं तर या."

"नवी जागा बरी आहे," घड्याळजी म्हणाला. "घरमालकीण दिवसभरात चार शब्द बोलते. त्यातले दोन 'पाणी आलं' असे असतात." आणि त्याने भिंग परत डोळ्याला लावलं.

खोली बरेच दिवस रिकामी राहिली. बघायला येणाऱ्याला मास्तर आधी गॅलरीतून वाकायचे नियम समजावून सांगत. नियम ऐकून झाले की आलेला माणूस, घरी विचारून कळवतो, असं म्हणून जिना उतरायचा. कुणी कळवलं नाही.

पुढच्या हंगामात वाफा दुपटीने फुटला. मास्तरीणबाईंनी वाफ्यावरची पाटी काढून सरपणात टाकली, खिडकीचा आरसा सोडून न्हाणीघरात लावला, आणि वाकड्या चराच्या रिकाम्या बाजूला मिरच्यांची नवी रोपं लावली. रोज सकाळी त्या वीतभराचे कोंब कापत. एक जुडी बहिणीकडे जाई, दुसरी फडक्यात गुंडाळून घड्याळजीच्या खाणावळीच्या बाईकडे. तो खात नसला तरी तिथे बाकीची माणसं जेवत होती. मास्तरांच्या ताटातही चार पडत. ते खात. काही म्हणत नसत. मास्तरांनी काही न म्हणणं ही त्या घरातली नवी गोष्ट होती, आणि ती जेमतेम जेवण संपेपर्यंत टिकायची.

कारण बागेतला बाक होताच. तिथे मास्तर आता नवा धडा देत होते.

"ॲस्परॅगसला एकच गोष्ट कळावी लागते," ते म्हणत. "वाट बघायची नाही. वीतभर झाला की काप. पाहुण्यांसाठी ठेवायचा, सारख्या उंचीचा होऊ द्यायचा, असले लाड केलेस की लाकूड. पण लोक ऐकत नाहीत. आमच्या घरात मी सगळ्यांना पहिल्या दिवसापासून हेच ओरडून सांगतोय."

"आणि पित्ताला?" म्हातारबांनी विचारलं.

मास्तरीणबाईंच्या कानावर हे बहिणीकडून आलं. दोघी नळाखाली कोंब धूत बसल्या होत्या. बहीण चिडली होती. "तू काहीच कसं बोलत नाहीस गं? सगळं श्रेय स्वतः घेतात वर!"

"घेऊ देत," मास्तरीणबाई म्हणाल्या. "तेवढा वेळ घराबाहेर असतात." आणि एक कोंब मधोमध मोडून त्यांनी अर्धा बहिणीच्या हातावर ठेवला.